दुपारी दोनची रजनी

दार कुठं आहे हे बघितल्याशिवाय मी कुठल्याही खोलीत बसत नाही. लग्न असो, बँक असो, दाताचा दवाखाना असो, आधी दार, मग खुर्ची. नाटकाला गेले तर कडेची जागा मागते आणि दारावरच्या माणसाला विचारते, "दादा, कडी आतून आहे की बाहेरून?" तो माझ्याकडं असा बघतो जणू मी तिकीट न काढता आलेय. लातुरात माझं ब्यूटी पार्लर आहे. तळमजल्यावर, रस्त्याला लागून, आणि शटर दिवसभर पूर्ण वर. उन्हाळ्यात एसीची सगळी हवा बाहेर जाते. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मी म्हणते, "असू द्या हो, रस्त्यालाही जरा गार वाटू द्या."

लोकांना वाटतं हा माझा एक नखरा. नखरे माझ्याकडं पुष्कळ आहेत, पण त्यांत हा धरू नये. ही साधी भीती आहे आणि ती सातवीत असताना लागली.

औशाजवळ आमचं गाव. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते, धाकटा भाऊ पाचवीत. त्या दिवसांच्या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्यात की पार्लरमधल्या नेहमीच्या बायका आता फर्माईश करतात. "ते शेजारचे काका करा ना!" मग मी हातातला ब्रश ठेवते आणि काका होते. घर पडलेलं, कमरेला टॉवेल, आणि आतून वाचवून आणलेली एकुलती एक वस्तू छातीशी धरलेली: लोणच्याची बरणी. बरणी का आणली असं कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "हातात तीच आली." बायका हसून हसून केलेला मेकप खराब करून घेतात.

पेल्यांची गोष्टही मी रंगवून सांगते. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो आणि वडील रोज निजायच्या आधी जमिनीवर स्टीलचे पेले उपडे, एकावर एक रचायचे. मनोराच. पुन्हा जमीन हलली तर पेले पडतील, आवाजानं जाग येईल, पळता येईल. घरोघरी हीच रीत होती. एकदा मांजरीनं आमचे पेले पाडले. त्या आवाजानं शेजारच्या शेडातले धावत सुटले, त्यांच्या पायानं त्यांचे पेले पडले, त्या आवाजानं पुढच्या शेडातले, आणि बघता बघता अख्खं गाव चादरी गुंडाळून मोकळ्या रानात उभं. मांजर मात्र आमच्या गोधडीवर जाऊन झोपली. हे सांगताना मी मांजरसुद्धा होते.

एक भाग मी कधी सांगत नाही. जमीन हलायच्या आधी आवाज आला होता. जमिनीच्या पोटात कुणीतरी भलंमोठं जातं ओढायला बसावं तसा. तो कानांना आधी कळला नाही. दातांना कळला, बरगड्यांना कळला. मी जागी झाले, भाऊ जागा झाला, अंधारात आम्ही एकमेकांचा हात शोधला, आणि मग भिंती आल्या. आम्ही दाराशी निजलो होतो म्हणून बाहेर पडलो. आमच्या गल्लीतले सगळेच काही दाराशी निजलेले नव्हते. त्या आवाजाबद्दल भावानं आणि मी आपसातसुद्धा कधी शब्द काढलेला नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं एवढी एक गोष्ट गिळून ठेवली, यावरून काय ते समजा.

तर आता या भावाची मुलगी. नांदेडला राहते, कॉलेज नुकतंच संपलंय, आणि नखशिखांत काळी. म्हणजे कुडता काळा, ओढणी काळी, नखं काळी, आणि गळ्यात चांदीचं वटवाघूळ. आमची वहिनी ते वटवाघूळ पाहुण्यांना "फुलपाखरू आहे" म्हणून सांगते. ही पोरगी लॅपटॉपवर आणि बटणांच्या एका पेटीवर संगीत करते. या संगीताला गॉथ म्हणतात. संथ, खोल, काळोखी, आणि ते ऐकणारे तिच्यासारखेच काळे. मी एकदा विचारलं, "हे नेमकं कुणासाठी असतं गं?"

"ज्यांना भीतीची गोडी आहे ना आत्या, त्यांच्यासाठी."

"मग मला अध्यक्ष करा," मी म्हटलं.

तिनं ते मनावर घेतलं. भाद्रपदात एक दिवस बॅग घेऊन दारात हजर. लातूर आणि नांदेड मिळून अशी बरीच पोरं आहेत म्हणाली. क्लासच्या हॉस्टेलांमधली, कॉलेजातली, मोबाइलवर एकमेकांना शोधून काढलेली. मोठ्या शहरांत यांच्या क्लबमध्ये रात्री रंगतात. आमच्याकडं क्लब म्हटलं की लोकांना पत्त्यांचा अड्डा आठवतो. नांदेडात यांनी एका भाड्याच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून कार्यक्रम केला, तर घरमालकानं गोधड्यांसकट बाहेर काढलं. म्हणून आता लातुरात, जरा ऐसपैस करायचं ठरलं होतं.

"कुठं?"

"मंगल कार्यालयात. पितृपंधरवड्यात एकही लग्न नसतं ना. सगळी रिकामी असतात."

"आणि किती वाजता?"

"दुपारी दोनला. हॉस्टेलच्या मुलींना सहाच्या हजेरीला परत जायचंय."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. पितरांच्या पंधरवड्यात, भर दुपारी, मंगल कार्यालयात भुतांचा जलसा! मेकप माझ्याकडं, मी तिथंच जाहीर करून टाकलं. लगोलग मनात हिशेबही सुरू झाला. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या कार्यालयात लेकींची लग्नं लावणार. तिथून काळे ओठ रंगवून निघणाऱ्या बाईकडं मग नवरी कोण पाठवेल? शिवाय आमच्या भागात हे दिवस जड असतात. भूकंपाची पहाट याच पंधरवड्याच्या तोंडावर आली होती. कित्येक गावांत एकाच तिथीला घरोघरी पानं वाढली जातात.

रात्रीच्या जेवणाला भाची भाकरी नुसती मोडत बसली. म्हणाली, "आत्या, मी नवीन काहीतरी केलंय. लांब आहे. आजवर पूर्ण कुणीच ऐकलं नाही."

"का बरं?"

"घरी लावलं की मध्यावर बाबा खोलीत येतात आणि मेन स्विच पाडतात. घामानं निथळत असतात. बोलत काही नाहीत."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, बिल जास्त येतं."

त्या घामावरून मला कळायला हवं होतं, पण मी तेव्हा तिच्या ओठांना कोणता काळा शोभेल या विचारात होते.

"एकदा शेवटपर्यंत वाजू दे," ती म्हणाली. "लोकांनी बसून ऐकलं तर ऐकलं. उठून गेले तर मी पुन्हा हात लावणार नाही. बाबा म्हणतात तशी बँकेची परीक्षा देईन." हे ती न रडता, न चिडता बोलली. रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी वधूपक्षाच्या खोलीत आरशासमोर बसले आणि पोरं ओळीनं येत गेली. नवरीला लावायचं तेच सगळं सामान, फक्त उलट्या क्रमानं. जिथं गुलाबी तिथं राख, जिथं चमक तिथं सावली. काजळाच्या डब्यांचा फडशा पडला. हॉस्टेलमधली एक मुलगी होती, रेणापूरकडची, हसरी आणि तोंडाळ. तिनं वडिलांच्या टरबुजाच्या शेतातून उरलेला मल्चिंग पेपर आणला होता, रोपांभोवती वाफ्यावर अंथरतात ते प्लास्टिक. एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं मिट्ट काळं. त्यानं तिनं हॉलच्या सगळ्या खिडक्या झाकून टाकल्या होत्या. मी तिचे डोळे रंगवत असताना तिनं विचारलं, "मॅडम, सहाच्या आत निघेल ना हे? आमची रेक्टर भुताला घाबरत नाही, पण लिपस्टिकला घाबरते."

"खोबरेल तेलानं निघेल. नाही निघालं तर सांग, पितर आहे म्हणून."

कार्यालयाचे व्यवस्थापक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांनी दारातूनच ती रांग बघितली आणि टोपी काढली.

"मॅडम, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, आप्पा. कार्यक्रम आहे."

"पितरं चालू, काळी कापडं, तोंडाला पीठ. ह्यो कसला कार्यक्रम म्हनायचा?"

"संगीत रजनी."

"दुपारी दोनला?"

"खिडक्या झाकल्यात ना."

आप्पांनी खिडकीला हात लावून बघितला. "ह्ये तर मल्चिंग हाय. आन टरबुजं कुठं लावली?" पण हसले नाहीत. बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, आत पंखा आहे, आत बसा. त्यांनी मान हलवली. "न्हाई. मी हितंच बरा. स्लॅबखाली जास्ती बसवत न्हाई मला."

मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. कुठलं गाव हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या, त्यांच्यामध्ये टेबल, टेबलावर तारांचा गुंता. नवरीच्या एंट्रीला धूर सोडायचं मशीन कार्यालयाचंच होतं, ते पोरांनी असं चालवलं की समोरचा माणूस गुडघ्यापासून खाली गायब. आधी हैदराबादहून आलेल्या एका तरुणानं वाजवलं. उंच, लांब केसांचा, डोळे मिटून. त्याचं संगीत म्हणजे लांबच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवून विसरून गेलंय असं. पोरं नाचत होती, पण आपल्या वरातीसारखी नव्हे. हात संथ हलत होते, जणू चेहऱ्यावरची कोळिष्टकं बाजूला सारत होती. मला ते फार आवडलं. मला घामही फुटला होता. मी अर्थातच दाराशी बसले होते. मग रेणापूरच्या पोरीनं उजेड येतो म्हणून दार ओढून घेतलं आणि त्यावरही प्लास्टिक सोडलं, आणि दार नाहीसं झालं. अंधारात मी हात मागं नेला, कडी चाचपली आणि ती धरूनच बसले. उकडत होतं, धूर घशात जात होता, वर स्लॅब. हातातली कडी घामानं निसटायची, मी पुन्हा धरायची. आपण चाळिशी उलटलेल्या बाई आहोत, पार्लर आहे, जीएसटी भरतो, असं मी स्वतःला समजावत होते.

मग भाची स्टेजवर गेली. मान खाली घालून बटणं फिरवू लागली.

सुरुवातीला वारा होता. मग थेंब पडल्यासारखे सूर, लांब लांब अंतरानं. मला वाटलं, अरे वा, हे तर गोड आहे. पोरं हलेनाशी झाली, नुसती ऐकत उभी राहिली. आणि मग खालून काहीतरी आलं.

कानांना आधी कळलं नाही. दातांना कळलं.

बरगड्यांना कळलं. हातातली कडी थरथरू लागली, खुर्ची थरथरू लागली, खिडक्यांवरचं प्लास्टिक फडफडलं. जातं. तेच जातं, तोच ओढणारा, इतक्या वर्षांनी पुन्हा बैठक मारून बसलेला. मी कधी उठले ते मला माहीत नाही. शाळेच्या गॅदरिंगपासून कमावलेला, माइकची गरज नसलेला माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला:

"भूकंप! पळा! बाहेर पळा!"

आणि लातूर पळालं. हैदराबाद नाही. तो बिचारा हा कार्यक्रमाचाच भाग समजून डोळे मिटून डुलत उभा राहिला. पण आमची पोरं! यांतलं एकही त्या पहाटे जन्मलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ. चप्पल शोधायची नाही, डोक्यावर हात, भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी शिकवून ठेवलेलं. दार उघडलं आणि आम्ही सगळे भर उन्हात लॉनवर सांडलो. पांढरे चेहरे, काळे ओठ, काळे झगे, मागून धुराचे लोट. आप्पा आमच्याही पुढं होते. हातात प्लास्टिकची खुर्ची.

रस्त्यापलीकडच्या घराच्या गच्चीवर कुणाचं तरी श्राद्ध होतं. एक आजोबा कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवून वाट बघत उभे होते. त्यांनी आम्हाला बघितलं. आम्हीही त्यांना बघितलं. मग आजोबांनी सावकाश हात जोडले आणि पान आमच्या दिशेनं थोडं पुढं सरकवलं.

कुणीच हसलं नाही. मी विजेच्या तारांकडं बघितलं. भूकंपात तारा हलतात. हलत नव्हत्या. कुंडीतलं रोप हलत नव्हतं. जमीन पायाखाली गप्प होती. आवाज मात्र चालूच होता, आणि तो मागून, हॉलमधून येत होता. तेव्हा मला आठवलं की भाची आत आहे. स्लॅबखाली. मी पळाले आणि ती आत आहे. मला वळायचं होतं, पण पाय लॉनमध्ये रोवल्यासारखे झाले होते.

तेवढ्यात आवाज थांबला आणि ती दारात आली. गालांवर काजळाचे ओघळ.

"गेले ना उठून," ती म्हणाली. "आणि तू सगळ्यांत आधी."

भाऊ नांदेडला जे दर वेळी करायचा तेच मी केलं होतं. मेन स्विच तेवढा माझ्या घशात होता.

"तो आवाज कुठून आणलास?" मी विचारलं.

"आपल्या शेतातल्या बंद बोअरमधून. दोरीला माइक बांधून खाली सोडला होता. खाली काहीतरी चालू असतं आत्या, घुमत असतं. मी ते फक्त मोठं केलं. मला ते सुंदर वाटलं."

मग मी तिला तो भाग सांगितला. उन्हात उभी राहून, सगळ्यांसमोर. हातवारे केले नाहीत, कुणाची नक्कल केली नाही. आधी आवाज आला, मग आम्ही हात शोधले, मग भिंती आल्या. सांगून झाल्यावर मला जाणवलं की माझी बोटं मुठीत वळली आहेत, कुणाचा तरी छोटा हात धरल्यासारखी.

आप्पांनी खुर्ची खाली ठेवली. "जात्यावानी," ते म्हणाले. "हाव. आधी त्यो आवाज, मंग हादरा. मी बी कुनाला सांगितलं न्हाई."

भाचीनं आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा..."

"बिलाचं काही नव्हतं ते."

तिनं बाहीनं गाल पुसले. सगळा मेकप एका बाजूला गेला. "नको मग. पुसून टाकते. मला माहीत असतं तर केलंच नसतं." आणि ती आत वळली.

आता मला दुसरीच भीती वाटली. ती आत जाईल, एक बटण दाबेल, आणि हे कायमचं जाईल. आम्ही दोघा भावंडांनी इतकी वर्षं जे दाबून ठेवलं ते या पोरीला एका मेलेल्या बोअरच्या तळाशी सापडलं होतं, आणि तिला ते सुंदर वाटलं होतं. पुन्हा ऐकायची माझी छाती नव्हती. पण कुणीच न ऐकता ते पुसलं जावं, हे त्याहून वाईट होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "स्वयंपाकघराची किल्ली कुठंय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. कमरेची किल्ली काढत म्हणाले, "पेले उंच घेऊ का बसके?"

"बसके. वडील बसकेच घ्यायचे."

हॉलच्या मधोमध, फरशीवर, मी आणि आप्पा गुडघ्यांवर बसलो. पंगतीतले पेले. उपडा एक, त्यावर उपडा दुसरा. मनोरा दोनदा ढासळला आणि दोन्ही वेळा आम्ही दोघंही दचकून उठलो, स्वतःच पाडलेला असूनसुद्धा. दाराची दोन्ही कवाडं मी सताड उघडी केली, प्लास्टिक ओरबाडून काढलं. ऊन थेट पेल्यांपर्यंत आलं. पोरं भोवती गोल करून उभी राहिली. हैदराबादच्या तरुणानं हिंदीत विचारलं, "मॅडम, ये क्या है?"

रेणापूरच्या पोरीनं त्याला समजावलं, "गिलास गिरे तो भागने का. नहीं गिरे तो गाना है." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

आप्पांनी खुर्ची आणून उंबऱ्यावर मांडली. दोन पाय आत, दोन पाय बाहेर.

"वाजव," मी भाचीला म्हटलं.

"आत्या, खरंच नको."

"अध्यक्षांचा हुकूम आहे."

पुन्हा वारा. पुन्हा थेंब. या वेळी मला माहीत होतं काय येणार आहे, आणि त्यानं काही सोपं झालं नाही. मी शेजारी मिळेल तो हात धरला. खालून ते आलं. दात, बरगड्या, पायांचे तळवे. माझं सगळं अंग दाराकडं ओढ घेत होतं, आणि मी पेल्यांवरून डोळे काढले नाहीत. पेले थरथरले. एकमेकांवर घासून बारीक किणकिणू लागले, एक, मग सगळे. वरचा पेला कडेकडेनं सरकत होता. उंबऱ्यावर आप्पांच्या तोंडून काहीतरी निघालं, देवाचं नाव असावं. कुणीही नाचत नव्हतं. कुणीही गेलंही नाही.

भाचीनं मान वर केली. तिनं ती किणकिण ऐकली होती. ती स्टेजवरून उतरली, आहेर पुकारायचा माइक होता तो हातात घेतला, वायर ओढत मनोऱ्यापाशी येऊन बसली आणि माइक पेल्यांजवळ धरला. खालून जातं ओढलं जात होतं, आणि त्याच्यावर आता आमचे पेले, वडिलांचे पेले, सगळ्या हॉलभर वाजू लागले. मी रडत होते की ओरडत होते, सांगता येत नाही. घाबरलेली होते, एवढं नक्की. शेवटपर्यंत घाबरलेली होते.

जातं हळूहळू लांब गेलं. पेले थोडा वेळ आपले आपण वाजत राहिले, मग थांबले. वरचा पेला अर्धा बाहेर लोंबत होता, पण होता.

मग रेणापूरची पोरगी कुजबुजली, "मॅडम, हात सोडा आता. निळा पडलाय. रेक्टरला काय सांगू?"

पुढच्या रविवारी मी भाचीबरोबर नांदेडला गेले. भाऊ सोफ्यावर मॅच बघत होता. चहा झाला. वहिनीनं गळ्यातल्या फुलपाखराविषयी तक्रार केली. मग मी म्हटलं, "तिला तिचं नवीन वाजवायचंय. पूर्ण."

त्यानं टीव्हीवरून डोळे काढले नाहीत. "अक्का, तुला माहीत नाही ती काय वाजवते ते."

"माहीत आहे. मी ऐकलंय."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. "आत बसून?"

"दार उघडं होतं. पेले मांडले होते."

माझ्याकडं न बघता तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मांडणीवर भांड्यांची आदळआपट ऐकू आली. "अहो, काय शोधताय? मी देते ना," वहिनी आतून म्हणत होती. तो छातीशी पेले धरून बाहेर आला, बसके. हॉलच्या मध्ये बसला आणि एकावर एक रचू लागला. शेवटचा ठेवल्यावर त्यावर बोटाचं टोक हलकेच टेकवून बघितलं, वडील बघायचे तसं. मग उठून त्यानं पुढचं दार उघडलं, पायरीवरच्या चपला पायांत घातल्या आणि तसाच आत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

"अहो, घरात चपला?" वहिनी म्हणाली.

मी उठले, पायरीवरून माझ्याही चपला घालून आले आणि त्याच्या शेजारी बसले. भाचीनं आमच्या दोघांकडं बघितलं, आणि बटण दाबलं.